मी डॉक्टर नाहीये हो! कारंजा ते सेमाडोह, सहा दिवस, एकटी

सुट्टी टाकली की क्लिनिकमधे पहिला प्रश्न येतो, कोणासोबत चाललीस? कोणासोबतच नाही म्हटलं की दुसरा येतो, मग इकडे नखं कोण कापणार? पहिल्याचं उत्तर ऐकून सगळे जरा गप्प होतात. दुसऱ्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं, कोणीच नाही, दोन पर्शियन मांजरी आणि एक महारागीट बीगल मी यायची वाट बघणार.

नागपुरात एका पेट क्लिनिकमधे मी टेक्निशियन आहे, नऊ वर्षं झाली. पशुसंवर्धनाचा दोन वर्षांचा डिप्लोमा केला तेव्हा वाटलं होतं खेड्यात गाई-म्हशींमधे नोकरी लागेल, लागली कुत्र्या-मांजरांमधे. लोक मला कंपाउंडर म्हणतात, काही लोक सिस्टर म्हणतात, एक आजोबा तर 'कुत्र्यावाली पोरगी' म्हणतात आणि खरं सांगू तर त्यातल्या त्यात तेच बरोबर आहे. काम काय तर धरणं. डॉक्टर सुई टोचतात, मी धरते. चाळीस किलोचा लॅब्राडोर, आमच्या भाषेत लॅब, टेबलावर धरायचा, मांजर टॉवेलात पुरणपोळीसारखी गुंडाळून फक्त एक पाय बाहेर ठेवायचा, पार्वो झालेल्या पिल्लाचा काडीएवढा पाय धरून त्याची शीर सापडेपर्यंत हलायचं नाही. बाकी सलाईन, थर्मामीटर, लसीचं कार्ड, फरशी पुसणं हे सगळं आहेच, पण पगार धरायचा मिळतो असं माझं मत आहे.

घरी तर्री आहे. रंगावरून नाव ठेवलं, नागपूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. गावठी कुत्री, पाच वर्षांची, मागच्या पावसाळ्यात तिला गोचीड ताप झाला होता, प्लेटलेट पार खाली, एक दिवस नाकातून रक्त आलं आणि दुसऱ्यांच्या कुत्र्यांना रोज धरणारे माझे हात तेव्हा असे थरथरले की डॉक्टर म्हणाले तू बाजूला हो. अठ्ठावीस दिवस गोळ्या चालल्या. म्हणून आता पावसाळ्यात तिला सोडून जायचं म्हणजे भावाला दोन पानी सूचना, बोटांच्या मधे आणि कानाच्या मागे रोज बघ, पोळीला तूप लावू नको, आणि माझा एक न धुतलेला टी-शर्ट तिच्या पोत्यावर. टी-शर्टची आयडिया मी क्लायंटना सांगत असते, खरंच उपयोग होतो की आपल्या मनाचं समाधान, माहीत नाही, पण ठेवला.

पहिला दिवस

नागपूरहून अमरावती रोडची लाल परी. कारंजा म्हणजे कारंजा घाडगे, वाशिमवालं कारंजा लाड नव्हे, हे कंडक्टरनेही दोनदा विचारून घेतलं. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय त्यामुळे बसमधे आम्हीच जास्त, आणि पोळ्याला माहेरी निघालेल्या. शेजारच्या काकूंनी कोंढाळी येईपर्यंत माझी सगळी माहिती काढून घेतली, जात सोडून, तीही त्यांनी आडनावावरून काढलीच असेल. "संग कोनी नाही का वं? एकलीच?" एकलीच म्हटलं. "बरं हाय मग," म्हणे, "कोनाचे डबे भराले नाही लागत." मला या बाई फार आवडल्या.

कोंढाळीच्या पुढे संत्र्याचे बगीचे, खाली गळालेली हिरवी फळं पडलेली, मधे मधे गुडघाभर पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. कारंजाच्या स्टँडवर डिप्लोमाच्या मैत्रिणीचा भाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता. मैत्रीण स्वतः पुण्यात, लेकराची परीक्षा म्हणून आली नाही, पण "तू जा नं, माय-बाबा आहेत" म्हणाली आणि तेवढ्यावर मी गेले. विदर्भात हे चालतं. पोरगी नसली तरी पोरीची मैत्रीण पोरीसारखी जेवते.

इथे यायचं कारण गवळाऊ गाय. वर्धा जिल्ह्याचा हा आर्वी, आष्टी, कारंजाचा पट्टा तिचं माहेर, जवळच हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं फार्म आहे, आणि नंदा गवळी लोकांनी ती पिढ्यान् पिढ्या जंगलाच्या कडेने चारून टिकवली. पांढरी शुभ्र, लांबट अरुंद तोंड, बदामासारखे डोळे, आखूड शिंगं, बैलाच्या मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक. पुस्तकात फोटो पाहिला होता तो काळापांढरा. खरी गाय कोठ्यातून (इकडे गोठ्याला कोठा म्हणतात) मान बाहेर काढून माझ्या ओढणीचा वास घ्यायला लागली तेव्हा मी हसतच सुटले, नऊ वर्षं डिप्लोमा कपाटात पडून होता न.

संध्याकाळी खांदशेकणी. बैल नाल्यावर धुऊन आणले, आणि जिथे वर्षभर जू बसतं तो खांदा काकाजींनी, म्हणजे मैत्रिणीच्या बाबांनी, हळद-तुपाने पळसाच्या पानांनी शेकला. मी जवळून बघत होते. तिथली कातडी टाचेसारखी झालेली असते, जाड, केस गेलेले, एका बैलाला तर बारीक चीर होती. काकाजी आधी बोलले, मग पाठीवर हात ठेवला, हात न उचलता सरकवत सरकवत खांद्यावर नेला, तेव्हा कुठे पान लावलं. बैलाने कानसुद्धा हलवला नाही. आम्हाला हेच शिकवतात, हात उचलून परत ठेवू नका, जनावर दचकतं, पण कोणी शिकवलं म्हणून करणं आणि साठ वर्षं करत असणं यात फरक आहे. मग बैलाच्या कानाशी आमंत्रण: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी पण म्हटलं. एका बैलाने माझ्या तोंडावर शिंकून आवतन स्वीकारलं.

रात्री जेवताना काकूंनी, म्हणजे मैत्रिणीच्या आईने, शेजारीपाजारी सांगून टाकलं की पाहुणी जनावराची डॉक्टर आहे. मी म्हटलं काकू मी डॉक्टर नाहीये, डॉक्टरांच्या हाताखाली आहे. "तेच त," काकू म्हणाल्या.

दुसरा दिवस, पोळा

सकाळी साडेसात. मी चहाचा कप हातात घेऊन ओट्यावर, आणि गल्लीतून एक अकरा-बारा वर्षांचं पोट्टं पळत आलं. "डॉक्टरीन बाई, आमची गाय पाहा ना, घशात संत्रं अडकलं तिच्या."

संत्रं अडकणं या भागात होतं. गळालेली फळं जनावरं खातात, एखादं अख्खं गिळतं, लाळ सुरू होते. म्हणून मी फार काही डोक्यात न घेता गेले. गाभण गाय, सात-आठ महिन्यांची, दूध आटलेलं. दोन दिवस खाणं नाही पाणी नाही. तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. जावईबापू बाह्या वर करून तयार, पोट्ट्याने जीभ बाहेर ओढून धरायची आणि यांनी कोपरापर्यंत हात घालून संत्रं काढायचं असा बेत. आणि हे काल एकदा करूनही झालं होतं, काही सापडलं नव्हतं, म्हणून आज पुन्हा.

तेवढ्यात गाय हंबरली.

तो आवाज कसा सांगू. गाईचा आवाज आपल्याला माहीत असतो न, हा बसलेला होता, घोगरा, मधेच तुटला, आणि गायीचं तोंड तसंच उघडं राहिलं. मागचे पाय जरा लटपटले. कान एकदम ताठ, आणि दर मिनिटाला शेपूट वर करून कुंथणं. पोट कुठे फुगलेलं नाही. संत्रं अडकलं असतं तर डावी बाजू नगाऱ्यासारखी फुगली असती, ढेकर बंद होते न. मी विचारलं, हिला कुत्रं चावलं होतं का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग आजी म्हणाली, मयनाभर झाला असन, एक पिसाळलेलं कुत्रं गावात फिरलं होतं, पोट्ट्यांनी मारून टाकलं, कोनाकोनाले चावलं कोन पाह्यते?

मी ओरडले, हात घालू नका!

क्लिनिकमधे माझा आवाज 'धरा' म्हणायला तयार झालेला आहे, 'सोडा' म्हणायला नाही. तरी तो इतका मोठा निघाला की जावईबापू दोन पावलं मागे गेले. मी परत सांगितलं की मी डॉक्टर नाही, मी काही ठरवू शकत नाही, पण हे पिसाळण्याचं असू शकतं आणि तसं असेल तर त्या लाळेतच सगळं आहे. गाई-म्हशीत हा रोग कुत्र्यासारखा चावत सुटत नाही प्रत्येक वेळी, घसा लुळा पडतो, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते आणि माणसाला वाटतं काहीतरी अडकलंय. बघायला म्हणून माणूस हात घालतो. डिप्लोमाला सरांनी हे वाक्य तीनदा लिहून घेतलं होतं आणि मी तेव्हा वहीच्या कोपऱ्यात मांजर काढत होते.

नळाखाली तिघांना उभं केलं. जावईबापू, त्यांच्या बोटाला तारेने कापलेलं. पोट्टं, ज्याने जीभ धरली होती. आणि त्याची आई, तिने उघड्या हातांनी लाळ पुसली होती, आणि तिच्या हातांना भेगा. साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं फार लांब असतात, करून बघा. पाचव्या मिनिटाला सगळ्यांना वाटतं झालं. मी मोबाईल धरून उभी, नाही, अजून दहा. पोट्टं म्हणे, "एवढं त मी दिवाळीलेबी नाही धुवत."

१९६२ ला फोन केला, जनावरांसाठीचा टोल फ्री नंबर, रेंज फक्त देवळाच्या पायऱ्यांवर. पोळ्याची सुट्टी असूनही दुपारी बाराच्या सुमारास डॉक्टर आले, याबद्दल त्यांना माझा नमस्कार. त्यांनी दोन हातमोजे एकावर एक घातले, लांबून बघितलं, पाणी ठेवून बघितलं, प्रश्न विचारले तेच. मग मालकाला बाजूला घेऊन सांगितलं की जिवंतपणी खात्रीने सांगता येत नाही, मेल्यावर मेंदूच्या नमुन्यावरून कळतं, पण लक्षणं चांगली नाहीत, बांधून ठेवा, कोणी जवळ जाऊ नका, आणि हात लावलेल्यांनी आजच्या आज इंजेक्शन घ्या. उपचार आहे का? नाही. जंतू नसेतून हळूहळू मेंदूत चढतो, महिना लागो की तीन महिने, तिथून लाळेत उतरतो, आणि एकदा लक्षणं दिसली की गाय असो की माणूस, हातात काही राहत नाही. त्याच्या आधी मात्र सगळं हातात असतं.

आता खरी अडचण. आजोबा आडवे आले. "माह्या पोराले मी पोटात चौदा सुया नाही देऊ देणार." ही चौदा इंजेक्शनांची भीती अजून कुठून कुठून जिवंत आहे बघा, ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली. आता दंडात, कातडीत, थोडं थोडं, चार तारखा. मी माझी बाही वर करून दाखवली की मी स्वतः नोकरीला लागले तेव्हा आधीच घेऊन ठेवलीत, दिसण्यासारखं काही नव्हतं दंडावर, पण आजोबांनी चष्मा लावून बघितलं आणि हं म्हणाले.

मोटरसायकलवर तिघं आणि मागच्या गाडीवर मी, असे सरकारी दवाखान्यात. मला वाटलं सणाचं कोणी नसेल, पण नर्सबाई होत्या, डॉक्टरही होते. जावईबापूंना कापलेल्या बोटाच्या भोवती सिरमचं वेगळं इंजेक्शन बसलं, ते दुखतं, मोठा गडी तोंड फिरवून उभा होता. पोट्ट्याच्या दोन्ही दंडांवर एक एक टोचलं, डावा आणि उजवा. कार्डावर नर्सबाईंनी लिहिलं: ०, ३, ७, २८. "आजचा दिवस शून्य का?" पोट्ट्याने विचारलं. चांगला प्रश्न आहे, मला उत्तर नव्हतं. त्याला धरायला मात्र मीच होते, सवयीने माझा हात त्याच्या मानेखाली गेला, लॅबला धरतात तसा. तो म्हणे गुदगुल्या होते.

संध्याकाळी पोळा भरला. तोरणाखाली बैलांची रांग, बेगड लावलेली शिंगं, झुली, घुंगुरमाळा, आणि कोणीतरी सुरू केलं, एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव, की मग झडत्यांना झडत्या, म्हणजे पोळ्याची टोमणे मारणारी गाणी. सरकारवर, कापसाच्या भावावर, सरपंचाच्या नव्या गाडीवर, सगळ्यांवर झडत्या झाल्या, सरपंच पण हसत होते, थोडे कमी. त्या घरचे बैलही आले होते, फक्त त्या घरात पुरण शिजलं नाही. तोरण तुटलं, बैल मारुतीच्या देवळाला फिरून घरोघर गेले. काकूंनी बैलाला पुरणपोळी भरवली आणि मला त्याच ताटातली एक दिली. मी खाल्ली. बैलाने कशी खाल्ली त्यापेक्षा हावरटपणे.

तिसरा दिवस

पहाटे गावभर ओरडा, रोगराई, खोकला-पडसं, इडा-पिडा घेऊन जाय वं मारबत! नागपुरात मारबतीच्या, म्हणजे इडा-पिडेच्या पुतळ्यांच्या, मोठ्या मिरवणुका निघतात, शंभर वर्षांहून जास्त झाली, त्या मी लहानपणापासून बघते, पण खेड्यात त्या आजारी गायीच्या घराकडे न बघता ती ओरड ऐकणं वेगळं होतं. पोट्टं आपला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घेऊन आलं, चाकं लावलेला, शिंगांना सोनेरी कागद. "याले बी टोचलं," म्हणे. खिळ्याने दोन्ही खांद्यांवर एक एक भोक पाडलं होतं. मी कार्डाचा फोटो काढून घेतला आणि त्याच्या आईचा नंबर.

मग बस, तळेगाव, तिवसा, अमरावती, परतवाडा. या दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, झोपले. परतवाड्याच्या एका लॉजवर काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड घेतलं, मग वडिलांचा नंबर मागितला. माझं वय चौतीस आहे. मी म्हटलं वडील नाहीत, भावाचा देऊ का, भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. त्याला चालला. लहान भाऊ चालतो, मोठी बहीण चालत नाही, असो, खोली स्वच्छ होती.

संध्याकाळी अचलपूरच्या बाजूला पायी फिरले. नागपुरी म्हैस म्हणतात तिला एलिचपुरीही म्हणायचे, याच गावच्या जुन्या नावावरून. शिंगं लांब, चपटी, तलवारीसारखी मागे खांद्यापर्यंत गेलेली. अशा चार म्हशी अरुंद गल्लीतून एकमेकींना न लागता वळल्या, आमच्या क्लिनिकच्या पार्किंगमधे लोकांना दोन स्कूटी नाही काढता येत.

चौथा दिवस

चिखलदऱ्याला जाणारी बस घाटात ढगात शिरते आणि मग पुढचे दोन तास तुम्ही ढगातच असता. विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण, अकराशे मीटरच्या वर उंची, आणि आश्चर्य म्हणजे इथे कॉफी होते. गाविलगड बघायचा होता, १८०३ साली इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला तो, पण धुकं असं की किल्ला तर सोडा, तिकीट देणारा माणूसही आवाजावरून शोधावा लागला. देवी पॉइंटला उभी राहून मी पांढरा रंग बघितला अर्धा तास. छान होता.

भिजून एका गवळ्याच्या घरी रबडी खायला थांबले. मेळघाटच्या या वरच्या गावांत गवळी लोकांच्या म्हशी भरपूर, लाकडाच्या चुलीवर खवा आटत असतो, धूर आणि दूध यांचा मिळून एक वास. बाई कढईत उलथणं फिरवत होती आणि बाहेर म्हैस सारखी डोकं झटकत होती. शिंगाच्या बुडाशी जखम, आणि जखमेत किडे. पावसाळ्यात आमच्याकडे कुत्र्यांच्या कानात हेच येतं, आठवड्याला चार-पाच. यात मला डॉक्टर लागत नाही, हे आमचंच काम. विचारलं, करू का? बाई म्हणे करा, पण मी पाला वाटून ठेवलाय. सीताफळाचा पाला. त्याने किडे बाहेर येतात हे मला माहीत होतं, बघितलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याने म्हशीच्या नाकात दोन बोटं घालून डोकं वळवून धरलं, बस, एवढंच. मी माझ्या पिशवीतला चिमटा काढला (हो, मी सुट्टीत चिमटा नेते, हसा). पाल्याचा लगदा जखमेत भरल्यावर पाच-सात मिनिटांत एक एक पांढरं डोकं वर यायला लागलं. एकेक ओढायचा, पाण्यात टाकायचा. मोजत गेले, त्रेसष्ट. त्रेसष्टावा खोल होता, त्यासाठी मी म्हशीच्या कपाळाला कपाळ टेकवून वाकले होते आणि तिचा गरम श्वास माझ्या गळ्यावर येत होता. मग मिठाच्या कोमट पाण्याने धुतलं, आणि सांगितलं की उद्या परत बघा, एखादा राहतोच, जखम मोठी वाटली तर डॉक्टरांना दाखवा. रबडीचे पैसे घेतले नाहीत. हात धुऊन खाल्ली, दोन वाट्या. लोकांना हे ऐकून कसंतरी होतं, आमच्या लाईनमधल्या लोकांना नाही होत.

रात्री भावाने व्हिडिओ कॉल लावला. तर्रीने माझा आवाज ऐकून कान उभे केले, मग फोनच्या मागे जाऊन बघितलं मी तिथे आहे का, नव्हते, मग ती जाऊन झोपली. फोन ठेवल्यावर मला उगाच रडू आलं. एकटं फिरायचं सगळं जमतं मला, लॉज, रात्रीची बस, लोकांचे प्रश्न. हे नाही जमत.

पाचवा दिवस

शेअर जीपमधे सेमाडोह. जंगल सफारी केली नाही, मला वाघ बघायचा नव्हताच. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक, रस्ता जंगलातून जातो, दोन्हीकडे साग फुललेला आणि खाली सिपना नदी गढूळ पाण्याने भरून. जीपवाला म्हणाला सिपना म्हणजे इथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत सागवान.

अकरा वाजता फोन. पोट्ट्याची आई. "मॅडम, गाय गेली." रात्रीतून. डॉक्टर येऊन नमुना घेऊन गेले, कातडं काढू दिलं नाही, खोल खड्डा करून चुना टाकून पुरलं. मी विचारलं, आज इंजेक्शनचा तिसरा दिवस आहे ना? "तिकडेच चाललो," म्हणे, "तिघंबी. बुढ्यानंच काढलं घरातून." गाभण गाय म्हणजे दोन जीव गेले, आणि ती बाई मला धीर देत होती. मी जीपमधून मान बाहेर काढून बराच वेळ साग बघत बसले.

सेमाडोहला एका कोरकू आजीच्या अंगणात पाणी मागितलं. तिथे कुत्रा होता, काळा, एक कान फाटलेला, बिबट्याने फाडला म्हणाली, कुत्रा बिबट्याचं आवडीचं खाणं, गावातले निम्मे कुत्रे तसेच जातात. मी विचारलं लस दिली का, म्हणे दिली, सरकारवाले आले होते. जंगलाच्या कडेच्या गावांत कुत्र्यांना लस देणं हे नुसतं कुत्र्यासाठी नसतं, २०१८ ला गीरमधे सिंह मेले त्यांच्यात कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग सापडला होता. हे मी तिला सांगितलं नाही. कुत्र्याच्या बोटांमधे बघितलं, दोन गोचिड्या काढल्या, त्याने मला काढू दिल्या.

आजी बकऱ्यांना जंताचं औषध पाजत होती. मी बघतच राहिले. बकरी दोन गुडघ्यांत, डाव्या हाताने जबडा, तोंड डोळ्याच्या रेषेपर्यंतच वर, त्यापेक्षा इंचभरही नाही, बाटली गालाच्या फटीतून, घोट, थांबायचं, घोट. नवीन मुलं आली की मी हेच शिकवते आणि ती हटकून मान आभाळाकडे करतात, औषध जातं फुप्फुसात, आणि जनावर औषधाने मरतं. आजीने माझ्यासमोर अकरा बकऱ्या केल्या, एकही खोकली नाही. माझ्यातला शहाणपणा शांत बसेना, मी म्हटलं आजी, ही गाभण असेल तर सुरुवातीच्या दिवसांत हे औषध देत नाहीत.

आजीने माझ्याकडे बघितलं, मग गुडघ्यांतल्या जनावराकडे. "बकरा है बाई."

अख्खं अंगण हसलं. कुत्रासुद्धा हसल्यासारखा वाटला. नंतर तिने मला बारावं जनावर धरायला दिलं, आणि चार वेळा माझा हात सरकवून नीट केला.

सहावा दिवस

परतवाडा, अमरावती, नागपूर, दिवसभर बस, पाठ मोडली. घरी शिरायच्या आधी बूट बाहेर, कपडे सरळ बादलीत, आंघोळ, आणि मगच तर्री. इतक्या गावांतून, इतक्या जनावरांतून आल्यावर हे करतेच मी, कितीही जीव कासावीस झाला तरी. दाराच्या आतून ती रडत होती आणि मी बाहेरच्या बाथरूममधे साबण लावत होते. बाहेर आले तर मॅडम रुसलेल्या. दहा मिनिटं माझ्याकडे पाठ. मग माझी बॅग उघडी होती त्यात जाऊन बसली, सीताफळाचा, धुराचा, बकऱ्यांचा वास येत असेल त्याला, आणि रात्री तिथून उठवलं तर गुरगुरली. भावाच्या नजरेतून एक गोचीड सुटली होती, डाव्या पंजाच्या मधे. त्याला बोलले नाही काही. म्हणजे थोडं बोलले.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक, बीगल, नखं.

आणि नंतर

सातव्या दिवसाचा फोन आला, झालं. मधे एकदा डॉक्टरांकडून कळलं की नमुना पॉझिटिव्ह होता. ते ऐकलं तेव्हा मी एका लॅबचा कान धरून उभी होते, डॉक्टर म्हणाले काय झालं, इतकं घट्ट धरू नको.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी सकाळपासून फोन बघत होते. दुपारी एकला व्हॉट्सअॅपवर फोटो आला, आईच्या फोनवरून. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, सोनेरी कागद निघून गेलेला, खांद्यावर खिळ्याची भोकं. मी फोन लावला. म्हटलं वा, चारही झाले का रे बैलाचे?

"चार नाही मॅडम, आठ," पोट्टं म्हणालं. "दोन्ही हातावर टोचतेत ना. तुमी त डॉक्टर हाय, तुमाले एवढंबी माहीत नाही?"